बारा शब्दांची कुळकथा

क्रिप्टोचं नवं वॉलेट उघडलं की पडद्यावर इंग्रजीतले बारा साधे शब्द उमटतात आणि सूचना येते: हे याच क्रमाने कागदावर उतरवून घ्या. याला सीड फ्रेज म्हणतात. बिटकॉइनची मालकी म्हणजे शेवटी एक प्रचंड मोठी, गुप्त संख्या. ती ज्याच्या हाती, नाणी त्याची. ती हरवली तर आधार कार्ड पाहून दुसरी प्रत देणारी शाखा कुठेही नाही. माणसाच्या हाताला आणि डोळ्याला पेलेल अशा रूपात ती संख्या कशी ठेवायची, हा म्हणूनच या व्यवहारातला सगळ्यात नाजूक प्रश्न आहे. त्याचं उत्तर बिटकॉइनच्या जन्माआधीच तयार होतं, आणि ते पैशांसाठी शोधलेलंही नव्हतं.

अमेरिकेतल्या बेलकोर या दूरसंचार-संशोधन संस्थेत एस/की नावाची, एकदाच वापरायच्या पासवर्डची पद्धत घडली. प्रत्येक पासवर्ड ६४ बिटांचा, म्हणजे शून्य-एकाच्या ६४ घरांची संख्या. असली संख्या आकड्या-अक्षरांत टंकायची म्हणजे चूक ठरलेलीच. म्हणून एक ते चार अक्षरांच्या २,०४८ इंग्रजी शब्दांची यादी केली गेली. २,०४८ म्हणजे दोनाचा अकरावा घात. एका शब्दात नेमके अकरा बिट मावतात. सहा शब्दांत मावतात ६६. वर उरलेले दोन बिट चूक पकडण्यासाठी खर्ची घातले. डिसेंबर १९९४ मध्ये अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेतल्या डॅनियल मॅकडॉनल्ड यांनी हीच रीत १२८ बिटांच्या चाव्यांसाठी मांडली. सहाच्या दुप्पट, बारा शब्द. दोन हजार अठ्ठेचाळीसची यादी, शब्दाला अकरा बिट, पडताळणीचे बिट वेगळे: आजच्या सीड फ्रेजचं सगळं गणित तिथे दिसतं.

३ जानेवारी २००९ रोजी बिटकॉइनचा पहिला ब्लॉक तयार झाला, तेव्हा हा वारसा बाजूलाच पडलेला होता. बिटकॉइन घडवणाऱ्या सातोशी नाकामोतोच्या मूळ प्रोग्राममध्ये चाव्या ‘वॉलेट.डॅट’ नावाच्या फाइलमध्ये राहत. प्रत्येक चावी स्वतंत्रपणे, यदृच्छेने काढलेली. एकीवरून दुसरी मिळणं अशक्य. पैसे पाठवले की उरलेली मोड नव्या पत्त्यावर जाई आणि त्या पत्त्याची चावीही नवीच असे. त्यामुळे आज काढलेला बॅकअप काही व्यवहारांनंतर अपुरा ठरायचा. पुढे शंभर चाव्या आगाऊ काढून ठेवायची सोय झाली, पण त्या संपल्या की पुन्हा तेच. नेमाने काळजी घेणाऱ्यालाही ही रचना तोंडघशी पाडत होती. माझ्या मते तिचा सर्वांत मोठा दोष हाच. आणि फाइलच गमावली तर काय होतं, त्याचं हे उदाहरण: वेल्समधल्या न्यूपोर्ट शहरात २०१३ साली कचऱ्यात गेलेल्या एका हार्ड डिस्कवर हजारो बिटकॉइनची चावी होती. कचराभूमी उकरू द्यावी म्हणून मालक वर्षानुवर्षं पालिकेशी झगडला. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने त्याचा दावा फेटाळला.

काहींनी फाइलच नको म्हणून मनातल्या वाक्यावरून चावी बनवली. तिला ब्रेन वॉलेट म्हणत. पण माणूस जे वाक्य निवडतो ते आधी कुणीतरी म्हटलेलं, छापलेलं असतं. चोरांचे संगणक अशी वाक्यं एकामागून एक घालून पाहत आणि खाती रिकामी करत. त्यातून धडा मिळाला की शब्द चालतील, पण ते माणसाने निवडायचे नाहीत. यंत्राने आधी संख्या काढायची आणि मग ती शब्दांत मांडायची.

नोव्हेंबर २०११ मध्ये थॉमस व्होग्टलिन यांच्या इलेक्ट्रम वॉलेटने ते केलं. १२८ बिटांचं एकच बीज, त्यातून सगळ्या चाव्या, आणि बीज लिहायला बारा शब्द. यादी १,६२६ शब्दांची. हा विचित्र आकडा मला फार आवडतो. इलेक्ट्रम ३२ बिटांचा एकेक तुकडा तीन शब्दांत मांडत असे. अशा तुकड्याची रूपं होतात ४,२९,४९,६७,२९६. १,६२५ चा घन त्याला थोडक्यात कमी पडतो, १,६२६ चा पुरतो. आणि हे शब्द आले कुठून? समकालीन इंग्रजी कवितेत कोणते शब्द किती वेळा येतात, याच्या एका तक्त्यातून. म्हणून त्या यादीच्या सुरुवातीलाच लव्ह, नेव्हर, टाइम असे शब्द भेटतात.

फेब्रुवारी २०१२ मध्ये पीटर वुइले यांनी एका बीजातून चाव्यांचं अख्खं झाड कसं वाढवायचं याचा प्रस्ताव मांडला. त्यानंतर १० सप्टेंबर २०१३ ची नोंद, बिप-३९ (बिप म्हणजे बिटकॉइनच्या सुधारणेचा प्रस्ताव). तिचे चार लेखक: मारेक पालाटिनुस, पावोल रुस्नाक, आरन व्हॉइसिन आणि शॉन बो. पहिले दोघे प्रागच्या सातोशीलॅब्सचे. ट्रेझर हे हार्डवेअर वॉलेट, म्हणजे चाव्या सांभाळणारं छोटं यंत्र, त्यांचंच. इथे यादी पुन्हा २,०४८ वर आली. १२८ बिटांना पडताळणीचे चार जोडले की होतात १३२, म्हणजे बरोबर बारा शब्द. शब्दही हाताची चूक ध्यानात ठेवून निवडले. पहिली चार अक्षरं कुठल्याही दोन शब्दांची सारखी नाहीत. ‘बिल्ड’ घेतला तर ‘बिल्ट’ वगळला. आगीला आणि पाण्याला दाद न देणाऱ्या स्टीलच्या पट्ट्यांवर प्रत्येक शब्दाची चारच अक्षरं ठोकली तरी भागतं, ते यामुळे.

ट्रेझरच्या पहिल्या यंत्राला दोनच बटणं होती, आणि त्याची सीड फ्रेज बाराऐवजी चोवीस शब्दांची असे. वॉलेट परत मिळवताना शब्द संगणकावर टंकावे लागत, आणि संगणकात हेर प्रोग्राम असू शकतो. म्हणून यंत्र स्वतःच्या छोट्या पडद्यावर आता सातवा, आता एकोणिसावा असं उलटसुलट विचारी. चोराला चोवीस शब्द मिळत, क्रम मात्र मिळत नसे. इतका विचार करून घडवलेल्या वस्तूचा लोक फोनवर फोटो काढतात, तो क्लाउडवर जातो, आणि जी गोष्ट इंटरनेटपासून दूर राहावी म्हणून शब्दांत आणली ती तिथेच जाऊन बसते. याचं मला खरंच वाईट वाटतं. सहा शब्द घरी आणि सहा भावाकडे, ही वाटणीही फसवी आहे. एक कागद गेला तर सगळं गेलं; आणि एक कागद चोराला सापडला तर त्याचं उरलेलं काम अब्जावधी पटींनी हलकं होतं. वाटणीच करायची तर त्यासाठी आदी शामिर यांनी १९७९ साली दाखवलेली रीत आहे. पाच तुकडे करा, कोणतेही तीन जुळले की गुपित पुरं उलगडतं, दोनांवरून मात्र काहीच कळत नाही. सातोशीलॅब्सने तिच्यावरून वेगळी, १,०२४ शब्दांची यादी बेतली आणि २०१९ पासून ती ट्रेझरमध्ये आणली.

बिप-३९ च्या याद्या जपानी, कोरियन, चेक, पोर्तुगीज अशा काही भाषांत आहेत. मराठीत नाही, हिंदीतही नाही. शिवाय इंग्रजीखेरीज दुसरी यादी वापरू नका, असं नोंदीतच बजावलं आहे, कारण बहुतेक वॉलेटं दुसरी ओळखतच नाहीत. म्हणून शब्द उतरवताना ते रोमन अक्षरांत, स्पेलिंगसकट उतरवावेत. कानाला सोपं म्हणून देवनागरीत लिहिले तर ‘राइट’ या एका नोंदीपुढे अडायला होतं. उजव्या बाजूचा राइट आणि लिहिण्याचा राइट, दोन्ही शब्द त्या २,०४८ मध्ये आहेत.