साडेचौदा तास

२७ फेब्रुवारी २००२, बुधवार. सकाळी पावणेआठच्या सुमारास

गोध्रा स्टेशनातून सुटताच साबरमती एक्स्प्रेस थांबते आणि तिचा एस-६ डबा पेटतो. गाडी जवळजवळ चार तास उशिरा धावत होती. अयोध्येहून परतणारे कारसेवक, बायका, मुले अशी ५९ माणसे त्या आगीत गेली. गोध्र्याहून बडोदे फार लांब नाही. विश्व हिंदू परिषदेने दुसऱ्या दिवशी गुजरात बंदची हाक दिली. १९६९ आणि नंतर ऐंशीच्या दशकातल्या दंगली पाहिलेल्या बडोद्याला अशा बंदचा अर्थ कुणी समजावून सांगायला नको होता.

२७ फेब्रुवारी, संध्याकाळ

शहरात नागरी हक्कांचे काम करणारी माणसे मोजकीच, पण मुरलेली. जयप्रकाश नारायण यांनी १९७६ मध्ये, आणीबाणीच्या काळात, जी संघटना उभी केली तिचीच पुढे पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज, म्हणजे पीयूसीएल झाली. बडोद्याच्या शाखेतले पत्रकार किरीट भट्ट हे त्याच आणीबाणीत गाजलेल्या बडोदा डायनामाइट खटल्यात जॉर्ज फर्नांडिस यांच्यासह आरोपी होते. दुसरे मोठे नाव प्रा. जे. एस. बंदूकवाला यांचे. ते महाराजा सयाजीराव विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवत. अशा संघटनेकडे ना पोलीस, ना गाड्या. वही, टेलिफोन आणि कुणाला तरी भेटून बोलायची चिकाटी, एवढेच भांडवल.

२८ फेब्रुवारी, गुरुवार

अहमदाबादेत नरोडा पाटिया आणि गुलबर्ग सोसायटी जळत होत्या. बडोद्यात जमाव बंदूकवालांच्या घरावर चालून आला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हक्कांसाठी भांडलेला हा माणूस आपल्या मुलीसह वाचला तो हिंदू शेजाऱ्यांमुळे. जमाव दुसऱ्या दिवशी पुन्हा आला आणि घर जाळून गेला.

बडोद्यात माणसाला निवाऱ्यातून हुसकायला लोक चालून येतात, हे मराठी वाचकाला नवे नाही. १९१७ मध्ये सयाजीराव महाराजांच्या नोकरीत रुजू झालेल्या आंबेडकरांना पारशी धर्मशाळेतून काठ्या दाखवून बाहेर काढले होते. कमाटी बागेत ते बसून राहिले, ती जागा आज संकल्पभूमी म्हणून दाखवतात. महाराजांच्या ग्रंथालयांचे आणि सक्तीच्या शिक्षणाचे गोडवे गाताना आपण ही बाजू चटकन विसरतो.

१ मार्च, शुक्रवार. संध्याकाळ

शहराच्या अनेक भागांत संचारबंदी होती. लष्कराच्या तुकड्या बडोद्यात दाखल झाल्या होत्या. कागदावर शहर बंदोबस्तात होते.

१ मार्च, रात्री साडेआठ

डभोई रस्त्याच्या बाजूला हनुमान टेकडी नावाची वस्ती आहे. तिथे बेस्ट बेकरी. खाली भट्टी, मैद्याची पोती, सरपणाचा ढीग. वर मालकाचे कुटुंब राहायचे. त्या रात्री घरात बायका होत्या, मुले होती, आसऱ्याला आलेले शेजारी होते आणि भट्टीवर काम करणारे कामगार होते. जमाव आला. आधी माल लुटला, मग आग लावली. पाव भाजायला रचून ठेवलेले लाकूडच जाळायला कामी आले. माणसे गच्चीकडे पळाली. काही जण वरच्या खोल्यांतच अडकले.

रात्र

सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात या घटनेची वेळ नोंदली आहे : १ मार्चच्या रात्री साडेआठपासून २ मार्चच्या सकाळी अकरापर्यंत. साडेचौदा तास! दंगल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वाऱ्यासारखी आलेली आणि गेलेली झुंड येते. इथे जमावाला रात्रभर सवड होती. घरी जाऊन जेवून परत येण्याएवढी सवड. ‘परिस्थिती हाताबाहेर गेली’ हे वाक्य म्हणूनच मला पटत नाही. पाच मिनिटांत हाताबाहेर जाते ते समजू शकतो. साडेचौदा तास हाताबाहेर राहते, तेव्हा तो हात कुठे होता ते विचारावे लागते.

२ मार्च, शनिवार. सकाळ

गच्चीवर रात्र काढलेल्यांना खाली उतरवण्यात आले. शिडीवरून उतरलेल्या पुरुषांचे हात बांधून त्यांना तलवारी आणि लाठ्यांनी मारले. काही कामगार तिथे मेले, काही मेल्यासारखे पडून राहिले. हे दुसरे लक्षात ठेवा, पुढे सगळा खटला त्यांच्यावर तोलला गेला.

२ मार्च, सकाळी अकरा

एकूण मृत १४. जखमींना सयाजीराव जनरल रुग्णालयात नेले.

त्यानंतरचे आठवडे

पीयूसीएलचे कार्यकर्ते आणि शांती अभियानातली मंडळी छावण्यांत आणि जळालेल्या वस्त्यांत फिरू लागली. कोणत्या गल्लीत, किती वाजता, कोण आले, पोलिसांना फोन कधी लागला, गाडी कधी आली, असे तपशील त्यांनी टिपून घेतले आणि बडोद्यातल्या हिंसाचाराचा जाडजूड अहवाल त्याच वर्षी काढला. बायकांवर गुदरलेल्या प्रसंगांचा अहवाल वेगळा. या कामाला कुणी टाळ्या वाजवत नाही. पण सरकारी पंचनाम्यात सगळ्या वेळा ‘अंदाजे’ असतात, आणि पुढे कोर्टात वकील नेमका त्या ‘अंदाजे’वर बोट ठेवतो. मार्चमध्ये न्या. जे. एस. वर्मा यांचा राष्ट्रीय मानवाधिकार आयोग गुजरातेत आला. ज्या पाच प्रकरणांचा तपास सीबीआयकडे द्यावा असे आयोगाने सुचवले, त्यांत बेस्ट बेकरी होती. राज्य सरकारने ते मानले नाही. पुढे न्या. कृष्ण अय्यर, न्या. पी. बी. सावंत, न्या. होस्बेट सुरेश यांच्या नागरिक न्यायाधिकरणानेही साक्षी घेतल्या.

मे-जून २००३

बडोद्याच्या जलदगती न्यायालयात खटला उभा राहिला. मालकाची तरुण मुलगी मुख्य साक्षीदार. ती फिरली. ७३ साक्षीदारांपैकी ३७ फितूर झाले. २७ जूनला सर्व २१ आरोपी निर्दोष सुटले. माझ्या मते या प्रकरणातला दुसरा अनर्थ तो हाच, आणि तो संचारबंदीशिवाय, भरदिवसा, हजेरीपटावर घडला.

जुलैत ती मुलगी मुंबईत आली आणि आपण जिवाच्या भीतीने खोटे बोललो असे तिने सांगितले. तिच्या बाजूला सिटिझन्स फॉर जस्टिस अँड पीस ही संस्था उभी राहिली. मानवाधिकार आयोगही सर्वोच्च न्यायालयात गेला.

१२ एप्रिल २००४

न्या. दोरैस्वामी राजू आणि न्या. अरिजित पसायत यांनी निकाल रद्द केला आणि फेरखटला महाराष्ट्रात चालवण्याचा आदेश दिला. बेकरी जळत असताना दुसरीकडे पाहत राहिलेल्यांना निकालपत्राने आधुनिक नीरो म्हटले. एका राज्याच्या न्यायव्यवस्थेवर एवढा उघड अविश्वास क्वचितच दाखवला गेला असेल.

नोव्हेंबर २००४

फेरखटला सुरू असतानाच मुख्य साक्षीदार पुन्हा फिरली, आणि यावेळी तिने मदत करणाऱ्या संस्थेवरच दबावाचा आरोप केला. हक्कांचे काम करणाऱ्यांच्या वाट्याला हेही येते. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायालयाच्या अवमानाबद्दल तिला एक वर्षाची कैद सुनावली. ती खोटे बोलली याची शिक्षा झाली. ती कशामुळे फिरली याबद्दल कुणी तुरुंगात गेले नाही.

२४ फेब्रुवारी २००६

माझगावच्या सत्र न्यायालयात न्या. अभय ठिपसे यांनी नऊ जणांना जन्मठेप दिली, आठ जणांना सोडले. मेल्यासारखे पडून राहिलेले ते कामगार इथे साक्षीला उभे होते. पैशाने, ओळखीने, शिक्षणाने सगळ्यांत दुबळी अशी ही माणसे, आणि तीच टिकली. जुलै २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नऊपैकी पाच जणांना सोडले आणि जखमी कामगारांच्या साक्षीवर विसंबून चौघांची जन्मठेप कायम केली. जून २०२३ मध्ये उशिरा सापडलेले दोन आरोपी मुंबईतच निर्दोष ठरले.

प्रा. बंदूकवाला २०२२ च्या जानेवारीत गेले. घर जळाल्यावरही ते बडोद्यातच राहिले आणि गरीब मुस्लिम मुलांच्या शिक्षणासाठी त्यांनी ट्रस्ट चालवला.

डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता दिली, आणि ती देशभर लागू आहे. संरक्षणासाठी अर्ज जिल्हा समितीकडे करायचा असतो; जिल्हा व सत्र न्यायाधीश तिचे अध्यक्ष असतात. तुमच्या ओळखीत कुणी धमक्यांमुळे साक्ष मागे घ्यायच्या बेतात असेल, तर त्याला तारखेच्या आधी ही समिती दाखवा.