नवरा-बायको पुन्हा एकत्र राहू लागले, म्हणजे माफ केलं का? दास्ताने खटल्याने दिलेलं उत्तर

उरणमध्ये बंदरावरची रात्रपाळी संपवून नवरा घरी येतो, तेव्हा बायको नेरुळची लोकल पकडायला निघालेली असते. आदल्या दिवशीचं भांडण अर्धवटच राहतं. दोन दिवसांनी दोघं पुन्हा एकत्र जेवायला बसतात. मग माफ केलं असं समजायचं का? हाच प्रश्न एका मराठी जोडप्यामुळे सुप्रीम कोर्टात पोहोचला होता.

काय होता खटला?

दास्ताने दाम्पत्याचं लग्न १९५६ मध्ये पुण्यात झालं. १९६१ पासून दोघं वेगळे राहू लागले. बायको छळ करते, असं म्हणत नवरा कोर्टात गेला. १९७५ मध्ये निकाल देताना न्यायमूर्ती य. वि. चंद्रचूड यांच्या खंडपीठाने छळ झाल्याचं मान्य केलं, तरीही नवऱ्याचं अपील फेटाळलं. कारण त्यानंतरही दोघांचं वैवाहिक नातं नेहमीसारखं सुरू होतं. म्हणजेच नवऱ्याने झालं ते माफ केलं होतं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३ नुसार जोडीदाराचा छळ माफ केला असेल, तर त्याच छळाच्या आधारे घटस्फोट मागता येत नाही.

कायद्यात 'माफी' म्हणजे काय?

कोर्टाने दोन गोष्टी सांगितल्या: चूक माफ करणं आणि जोडीदाराला पूर्वीचं स्थान परत देणं. दोन्ही हव्यात. ही माफी सशर्त असते. पुन्हा गंभीर चूक झाली, तर जुनी तक्रारही जिवंत होऊ शकते.

महत्त्वाचं म्हणजे, निव्वळ एका छताखाली राहिलं म्हणून माफी सिद्ध होत नाही. हेही कोर्टाने स्पष्ट केलं. नाहीतर पहिल्याच भांडणात घर सोडावं लागेल आणि समेटाची वाटच बंद होईल.

मनाचं काय?

मानसशास्त्रही असाच फरक करतं. राग धरून ठेवला की ताण वाढतो, आणि माफ केल्याने तो हलका होऊ शकतो. पण अमेरिकी संशोधक लॉरा लुचीस आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये मांडलं की, समोरचा चूक सुधारत नसेल, तर माफ करत राहणाऱ्याचा स्वतःबद्दलचा आदर कमी होतो. तो सुधारत असेल, तर वाढतो.

मग करायचं काय?

माफ करण्याआधी तीन प्रश्न स्वतःला विचारा. चूक कबूल झाली का? वागणं बदललं का? मला इथे सुरक्षित वाटतं का? मारहाण किंवा धमक्या होत असतील, तर आधी सुरक्षितता, माफीचं नंतर बघू. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे. घरगुती हिंसाचारविरोधी कायदा, २००५ नुसार संरक्षणही मागता येतं.

माफ करणं हा तुमचा निर्णय आहे. 'संसार आहे, चालायचंच' म्हणून तो कुणी तुमच्यावर लादू शकत नाही.