हेसिंग नावाचा एक वलंदेज : चर्चनोंदी आणि नामभेद

परकीयांची नावे मराठी कागदांत जशीच्या तशी उतरत नाहीत, हे पेशवे दप्तर चाळणाऱ्यास सांगावयास नको. १७५१ साली सलाबतजंगासमवेत औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, आलेला फ्रेंच सेनानी बुसी आपल्याकडे 'मुसा बुसी' होऊन बसला. फ्रेंचांची साधी आदरार्थी उपाधी नावाचाच अवयव ठरली. डचांच्या बाबतीत तर राष्ट्राचे नावदेखील परक्या मुखातून आले. पोर्तुगीजांच्या 'ओलांदेझ'पासून आपला 'वलंदेज' सिद्ध झाला. शब्दारंभीच्या 'ओ'मागे 'व' येणे मराठी उच्चारास धरूनच आहे. १६३७ साली वेंगुर्ल्यास वखार घालणारे लोक स्वतःस या नावाने खचितच ओळखत नव्हते.

महादजी शिंद्यांच्या फौजेतील कर्नल हेसिंग हा असाच एक वलंदेज. उत्रेख्त येथे १७३९ मध्ये त्याचा जन्म झाला. डच कंपनीचा शिपाई म्हणून तो सिंहलद्वीपी आला, पुढे द बॉइनच्या हाताखाली शिंद्यांच्या चाकरीत शिरला, आणि २१ जुलै १८०३ रोजी आग्र्यास वारला. तेथील रोमन कॅथलिक दफनभूमीत ताजमहालाच्या धर्तीवर तांबड्या दगडाची त्याची कबर आहे. तिच्यावरील लेखात तो 'जॉन विल्यम' आहे. शिंद्यांच्या पदरी असता देह ठेवणाऱ्या वलंदेजास हे इंग्रजी नाव कोठून आले? त्याच्या मृत्यूनंतर तीनच महिन्यांनी, ऑक्टोबर १८०३ मध्ये, लेकने आग्र्याचा किल्ला घेतला. कबर बांधणारी विधवा पत्नी अ‍ॅन हिला व मुलांना यापुढे इंग्रजी अमलात दिवस काढावयाचे होते. लेखाच्या भाषेचा उलगडा माझ्या मते येथेच होतो.

मायभूमीत मात्र हा पुरुष 'यान विल्लेम' होता. कॅथलिक पाद्र्याची लेखणी लॅटिन. ती 'यान'चा 'योआन्नेस' करते. पोर्तुगीज लेखक त्याच नावाचा 'झुआंव' करील. मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळला जात नाही व शब्दही सुटे नसतात. तेथे आडनाव कोणते रूप घेईल याचा नेम नाही. अशा नोंदींच्या सूचीत 'जॉन' शोधण्यात मी स्वतः बरेच दिवस वाया घालविले आहेत, हे विद्यार्थ्यांच्या सावधगिरीसाठी नमूद करतो.

केवळ ध्वनिसाम्यावर दोन नोंदी एकाच व्यक्तीच्या मानणे हा या अभ्यासातील मोठा दोष होय. 'यान' हे नाव हॉलंडात आपल्याकडील 'रामा'इतके सार्वत्रिक. त्याच्या जोरावर कोणाचाही पूर्वज कोणासही चिकटविता येतो. म्हणून नाव बदलते धरावे आणि जन्मग्राम, तिथी, माता ही स्थिर मानून चालावे. डच बाप्तिस्मानोंदींत मातेचे माहेरचे नाव बहुधा राखलेले असते, हा मोठाच लाभ. डच कंपनीच्या जहाजी वेतनवह्यांत शिपायाच्या नावापुढे त्याचे मूळ गाव, जहाज व हुद्दा सापडतो. नाव कारकुनाने कसेही लिहिलेले असो, गावावरून बाप्तिस्म्याची नोंद गाठता येते. कोचीच्या सेंट फ्रान्सिस चर्चमधील १७५१ ते १८०४ या काळाचे बाप्तिस्मा-विवाहांचे पुस्तक पाहतानाही हीच कसोटी लावावी.

हेसिंगचा पुत्र जॉर्ज १८०१ साली उज्जैनीस यशवंतराव होळकरांकडून पराभूत झाला. त्याचा शोध घेणाऱ्याने 'योरिस' व 'जेओर्गिउस' ही दोन्ही रूपे आरंभीच टिपून ठेवावीत.