मज्जातंतूंच्या सात जोड्या : एका जुन्या पाठाची परीक्षा

एका मुळावरून उतरलेल्या शंभर पोथ्या एकच गोष्ट सांगूं लागल्या, तरी त्या शंभर साक्षी होत नाहींत. साक्ष एकच राहते. हा नियम आम्ही बखरींना व शकावल्यांना नित्य लावतों. शारीरशास्त्राच्या इतिहासांत त्याचें एक ठळक उदाहरण आढळतें, तें येथें मांडण्याचें योजिलें आहे.

मानवी मेंदूपासून मज्जातंतूंच्या बारा जोड्या निघतात. गंध, दृष्टि, श्रवण, शरीराचा तोल, चेहऱ्याची संवेदना, डोळ्यांचें व जिभेचें चलन हीं कामें त्यांजकडे आहेत. दहावी जोडी तर मानेंतून उतरून हृदय, फुप्फुसें व जठर यांपर्यंत पोंचते. परंतु इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत रोम येथें वैद्यकी करणाऱ्या गेलननें या जोड्या सातच मानल्या. ही गणना मुळांत त्याचीहि नव्हे. मॅरिनस या पूर्वसूरीची ती त्यानें स्वीकारली.

या गणनेंत कवटींतून एकत्र बाहेर पडणारे तंतू एक धरिले आहेत. चेहऱ्याचे स्नायू हलविणारा तंतु आणि ऐकण्याचा तंतु यांचीं कामें सर्वस्वीं भिन्न; तरी दोहोंची मिळून पांचवी जोडी झाली. घशाचा, अंतरिंद्रियांचा व मान-खांद्याचा असे तीन तंतू सहावींत गेले. गंधाच्या पट्ट्या मेंदूचाच भाग मानून वगळल्या.

गेलनच्या शरीरविच्छेदनावरील ग्रंथाचे पंधरा भाग होते. नवव्याच्या मध्यापासून पुढील ग्रीक पाठ लुप्त झाला. तो केवळ अरबी भाषांतरांत उरला. या मज्जातंतूंचें विवेचन करणारा चौदावा भाग त्यांतलाच. १९०६ सालीं माक्स सायमन यानें हा अरबी पाठ जर्मन भाषांतरासह लाइपझिग येथें प्रसिद्ध केला. पोथी जपणाऱ्या अज्ञात हातांचें हें ऋण विसरतां येत नाहीं.

परंतु जपणें निराळें आणि पारखणें निराळें. इब्न सीनाच्या वैद्यकग्रंथांतहि सातच जोड्या आहेत. व्हेसालियसनें १५३८ च्या चित्रांत, जनावरांच्या मेंदूखालीं आढळणारें रक्तवाहिन्यांचें एक जाळें मनुष्यांतहि दाखविलें होतें; १५४३ च्या आपल्या महाग्रंथांत तें मनुष्यांत नाहीं, असें त्यानेंच सांगितलें. गेलनची चूक इतक्या निर्भयपणें दाखविणाऱ्या या पुरुषानेंहि मज्जातंतूंचा आंकडा मात्र सातच ठेविला. शंका एका पाठास शिवली, शेजारच्यास शिवली नाहीं.

पुढें १६६४ सालीं ऑक्सफर्डच्या टॉमस विलिसनें मेंदूवरील ग्रंथ छापिला. अखंड मेंदू कवटींतून काढून तो उलटा धरून पाहावा, ही त्याची रीत. चित्रें काढण्यास क्रिस्टफर रेनसारखा हात. तंतूंचीं उगमस्थानें एका दृष्टिक्षेपांत आलीं आणि गंधतंतु पहिला धरून नवी गणना बसली. तरी चेहऱ्याचा व कानाचा तंतु त्यानेंहि एकाच जोडींत ठेविले. ते वेगळे करून बारांची गणना मांडली ती सॉमरिंग या तेवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें, १७७८ सालच्या ग्योटिंगेन येथील प्रबंधांत. तीच आजहि शिकविली जाते.

येथें एक सावधगिरी सुचवावीशी वाटते. गेलननें वगळलेल्या गंधाच्या पट्ट्या आजहि मेंदूचाच भाग समजल्या जातात; खरा गंधतंतु म्हणजे नाकांतून वर जाणारे बारीक धागे होत. म्हणजे ज्या पाठांत दोष निघाला, त्यांतच एक खरें निरीक्षणहि होतें. म्हणून सदोष ठरलेली पोथी फेंकून देऊं नये, आणि पूज्य ठरलेली पोथी ताडून पाहिल्यावांचून मानूं नये. कागद कागदाशीं ताडतां येतो. परंतु ज्या वस्तूविषयीं तो बोलतो ती समोर असतां तिजकडे न पाहणें, हा दोष संशोधकास क्षम्य नव्हे.