ओळखचोरी आणि बँक फसवणूक : खातेदाराचे अधिकार आणि तक्रारीच्या पायऱ्या

खात्यातून परस्पर पैसे काढले गेल्याची तक्रार घेऊन जाणाऱ्या खातेदाराला बँकेकडून बहुधा एकच उत्तर मिळते. व्यवहार ओटीपी वापरून पूर्ण झाला आहे, त्यामुळे बँक जबाबदार नाही. असंख्य तक्रारी याच वाक्यापाशी थांबतात. प्रत्यक्षात नियम याच्या उलट आहे. अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारात ग्राहकाचे दायित्व सिद्ध करण्याचा भार बँकेवर राहील, असे भारतीय रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे. मात्र या संरक्षणाचा लाभ मिळण्यासाठी खातेदाराने बँकेला वेळेत, लेखी आणि तारखेची नोंद राहील अशा रीतीने कळवलेले असावे लागते. नुकसान भरून मिळणार की नाही, याचा निर्णय अनेकदा या एका कागदावर होतो.

गुन्ह्याची दोन रूपे

ओळखचोरीचे परिणाम दोन प्रकारे समोर येतात. पहिल्या प्रकारात खातेदाराच्या खात्यातील, कार्डावरील किंवा वॉलेटमधील पैसे जातात. बनावट दुवा, ग्राहक सेवेच्या नावाने आलेला फोन, दूरस्थ नियंत्रण देणारे अ‍ॅप, सिमकार्डाची परस्पर अदलाबदल किंवा आधारशी जोडलेल्या बोटांच्या ठशांचा गैरवापर ही त्याची परिचित साधने आहेत. दुसऱ्या प्रकारात खात्यातील पैशाला हात लागत नाही, पण पॅन आणि आधारच्या प्रती वापरून त्या व्यक्तीच्या नावावर कर्ज किंवा क्रेडिट कार्ड घेतले जाते. वसुलीचा फोन येईपर्यंत किंवा गृहकर्जाचा अर्ज फेटाळला जाईपर्यंत त्याचा पत्ता लागत नाही. दोन्ही प्रकारांतील तक्रारीचे मार्ग वेगळे असल्याने त्यांची गल्लत करणे महागात पडते.

पहिले काही तास

पैसे गेल्याचे लक्षात येताच १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवणे आवश्यक असते. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राने २०२१ मध्ये उभारलेल्या यंत्रणेत ही माहिती संबंधित बँकेकडे पोहोचते. रक्कम त्या खात्यात शिल्लक असेल, तर ती रोखून धरली जाते. ती पुढे दुसऱ्या बँकेत गेली असेल, तर सूचनाही पुढच्या बँकेकडे जाते. चोरलेली रक्कम काही मिनिटांत अनेक खात्यांतून फिरवली जाते, म्हणून येथे वेळेला सर्वाधिक महत्त्व आहे. फोननंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावर तक्रार पूर्ण करून पोच क्रमांक जपून ठेवावा लागतो.

अनेकांची चूक मात्र यानंतर होते. १९३० वर कळवले म्हणजे बँकेला कळवले, असा समज करून घेतला जातो. रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकातील मुदत पाळली गेली की नाही, हे बँकेला दिलेल्या सूचनेवरून ठरते. त्यामुळे त्याच दिवशी बँकेच्या चोवीस तास चालणाऱ्या क्रमांकावर खाते व कार्ड बंद करवून घेणे आणि पाठोपाठ ई-मेल करणे हिताचे ठरते. तक्रार मिळताच तिचा नोंदणी क्रमांक कळवणे बँकेवर बंधनकारक आहे. दूरध्वनीवरील कर्मचारी क्रमांक देण्यास टाळाटाळ करत असेल, तर ई-मेल हाच पुरावा ठरतो. नोकरीनिमित्त इंदूर किंवा हैदराबाद येथे राहणाऱ्या आणि मूळ शाखा कोल्हापुरात असलेल्या खातेदाराला ‘मूळ शाखेत जा’ असे सांगितले गेले, तरी ई-मेलने दिलेली सूचना तेवढीच ग्राह्य असते.

दायित्वाचे गणित

परिपत्रकात खातेदाराच्या दायित्वाची वर्गवारी केलेली आहे.

एक : बँकेचा निष्काळजीपणा, त्रुटी किंवा फसवणुकीतील सहभाग असेल, तर खातेदाराचे दायित्व शून्य असते. त्याने तक्रार केली होती की नाही, हाही मुद्दा येथे गौण ठरतो.

दोन : दोष बँकेचा नाही आणि खातेदाराचाही नाही, तो व्यवस्थेत अन्यत्र आहे, अशा वेळी बँकेकडून व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास दायित्व शून्य राहते. सूचना मिळाल्याचा दिवस यात मोजला जात नाही.

तीन : अशाच प्रकरणात चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास खातेदाराचे दायित्व मर्यादित असते. मूलभूत बचत खात्यासाठी ही मर्यादा प्रतिव्यवहार ५,००० रुपये, इतर बचत खाती, वॉलेट आणि पाच लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या क्रेडिट कार्डांसाठी १०,००० रुपये, तर पाच लाखांहून अधिक मर्यादेच्या क्रेडिट कार्डांसाठी २५,००० रुपये आहे. व्यवहाराची रक्कम याहून कमी असेल, तर तेवढेच दायित्व. सात दिवसांनंतर बँकेच्या संचालक मंडळाने मंजूर केलेले धोरण लागू होते.

चार : खातेदाराने स्वतःच ओटीपी किंवा पासवर्ड सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे असते. कळवल्यानंतर झालेले नुकसान मात्र बँकेला सोसावे लागते.

शेवटची तरतूद बँका पुढे करतात. तथापि, ओटीपी वापरला जाणे आणि तो खातेदाराने स्वतः देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परस्पर दुसरे सिम काढून त्यावर ओटीपी घेतला गेला असेल, तर तो खातेदाराने दिला असे म्हणता येत नाही. तो त्याने दिला हे सिद्ध करणे बँकेचे काम आहे.

सहकारी बँकांसाठी अशाच तरतुदी डिसेंबर २०१७ मध्ये, तर बिगरबँक वॉलेट कंपन्यांसाठी जानेवारी २०१९ मध्ये जाहीर करण्यात आल्या. महाराष्ट्रातील नागरी सहकारी बँकांच्या खातेदारांच्या दृष्टीने हे महत्त्वाचे आहे.

बँकेने काय करायचे असते

खातेदाराने कळवल्यानंतर दहा कामकाजाच्या दिवसांत वादग्रस्त रक्कम तात्पुरती जमा करावी, विम्याच्या दाव्याची वाट पाहू नये आणि जमा करताना मूळ व्यवहाराची तारीख धरावी, असे परिपत्रक सांगते. तक्रारीचा निकाल नव्वद दिवसांच्या आत लावायचा असतो. या मुदतीत बँकेला दायित्व ठरवता आले नाही, तरी परिपत्रकात ठरलेली भरपाई द्यावी लागते. बचत खात्यावरील व्याज बुडू नये आणि क्रेडिट कार्डाच्या ग्राहकावर व्याजाचा बोजा पडू नये, अशीही तरतूद आहे.

म्हणूनच पहिल्या लेखी तक्रारीत केवळ हकिगत पुरेशी नसते. व्यवहारांची तारीख, वेळ, रक्कम आणि संदर्भ क्रमांक, बँकेचा संदेश कधी मिळाला, बँकेला केव्हा कळवले, १९३० चा पोच क्रमांक आणि शेवटी नेमकी मागणी हे सर्व त्यात असावे. दहा दिवसांत तात्पुरती जमा करावी, तसेच नकार द्यायचा असल्यास खातेदाराची चूक दाखवणारा पुरावा लेखी द्यावा, अशी मागणी नोंदवल्यास पुढच्या प्रत्येक पायरीवर तिचा उपयोग होतो.

नकारानंतरचे मार्ग

दहापेक्षा अधिक शाखा असलेल्या बहुतेक वाणिज्य बँकांमध्ये अंतर्गत लोकपाल असतो. तक्रार पूर्णतः किंवा अंशतः फेटाळण्यापूर्वी ती त्याच्याकडे पाठवणे बँकेवर बंधनकारक आहे. नकार मिळाल्यास प्रकरण अंतर्गत लोकपालांसमोर ठेवले होते का, ही विचारणा खातेदार लेखी करू शकतो.

त्यानंतरची पायरी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाची. १२ नोव्हेंबर २०२१ पासून सुरू झालेल्या एकात्मिक लोकपाल योजनेनुसार बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा समाधानकारक उत्तर दिले नाही, तर विनाशुल्क तक्रार करता येते. बँकेचे उत्तर मिळाल्यापासून एक वर्षाच्या आत ती दाखल व्हावी लागते. २०२१ च्या योजनेत नुकसानभरपाईची मर्यादा वीस लाख रुपये असून मनस्ताप, वेळ आणि खर्चापोटी एक लाखापर्यंतची रक्कम वेगळी आहे.

येथे दोन बाबी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. ‘पोलीस तपास सुरू असल्याने बँक काही करू शकत नाही’ असे उत्तर अनेकदा दिले जाते. योजनेनुसार पोलीस तपास सुरू असणे हा लोकपालाकडे जाण्यातील अडथळा नाही. याउलट, तोच वाद न्यायालय किंवा ग्राहक आयोगापुढे प्रलंबित असेल, तर लोकपालाचे दार बंद होते. त्यामुळे पायऱ्यांचा क्रम ठरवूनच पुढे जावे लागते.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि ती तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही दाखल होऊ शकते. मूळ गावापासून दूर राहणाऱ्यांना ही तरतूद सोयीची आहे. याशिवाय माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ४६ खाली प्रत्येक राज्यात निवाडा अधिकारी असतो. साधारणतः राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाच्या सचिवांकडे हे पद असते आणि पाच कोटी रुपयांपर्यंतचे भरपाईचे दावे त्यांच्यापुढे चालतात. हा मार्ग फारसा परिचित नाही.

न्यायालयांची भूमिका

लोकपालाचा नकार हाही शेवट नसतो. मुंबई उच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात ऑक्टोबर २०२२ मध्ये एका कंपनीच्या खात्यातून सुमारे ७६ लाख ९० हजार रुपये परस्पर वळवण्यात आले होते. अनोळखी लाभार्थी जोडले गेल्याची कोणतीही सूचना मिळाली नाही, असे कंपनीचे म्हणणे होते. लोकपालाने तक्रार फेटाळली होती. जून २०२४ मध्ये न्यायालयाने २०१७ च्या परिपत्रकाचा आधार घेत बँक ऑफ बडोदाला ही रक्कम परत करण्याचा आदेश दिला.

दुसऱ्या प्रकरणात ऑनलाइन खरेदी केलेली वस्तू परत करू पाहणाऱ्या ग्राहकाला विक्रेत्याच्या ग्राहक सेवेची बतावणी करणारा फोन आला. त्या व्यक्तीच्या सांगण्यावरून अ‍ॅप घेतल्यानंतर खात्यातून ९४ हजार २०४ रुपये गेले. ग्राहकाने चोवीस तासांच्या आत बँकेला कळवले होते. गुवाहाटी उच्च न्यायालयाने भारतीय स्टेट बँकेला जबाबदार धरले आणि ३ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. खातेदारांनीही सावध राहावे, ओटीपी कोणालाही सांगू नये, असे न्यायालयाने त्याच वेळी बजावले.

नावावर उभे राहिलेले कर्ज

आपण न घेतलेले कर्ज पतअहवालात दिसल्यास तक्रार दोन ठिकाणी करावी लागते : कर्ज देणाऱ्या संस्थेकडे आणि पतमाहिती कंपनीकडे. देशात सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि क्रिफ हाय मार्क या चार कंपन्या असून प्रत्येकीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. चारही अहवाल पाहणे आवश्यक असते, कारण एका अहवालातील नोंद दुसऱ्यात असेलच असे नाही.

कर्ज देणाऱ्या संस्थेकडे कर्जाचा करार, ओळखीची कागदपत्रे आणि रक्कम ज्या खात्यात जमा झाली त्या खात्याचा तपशील मागावा. डिजिटल कर्जाची रक्कम सर्वसाधारणपणे थेट कर्जदाराच्याच बँक खात्यात जमा झाली पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०२२ पासूनचा दंडक आहे. ते खाते तक्रारदाराचे नसेल, तर ही बाब त्याच्या बाजूचा भक्कम पुरावा ठरते. पतअहवालाची तक्रार तीस दिवसांत निकाली निघाली नाही, तर २६ एप्रिल २०२४ पासून दररोज १०० रुपये भरपाई देय आहे. वसुली प्रतिनिधींनी सकाळी आठपूर्वी आणि सायंकाळी सातनंतर फोन करू नयेत, असाही नियम आहे.

पोलिसांकडील नोंद

माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६ क खाली ओळखचोरीसाठी आणि ६६ ड खाली संगणकीय साधनाद्वारे तोतयेगिरी करून केलेल्या फसवणुकीसाठी तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाखापर्यंत दंडाची तरतूद आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोठेही घडला असला तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात माहिती नोंदवता येते. नोंद नाकारल्यास पोलीस अधीक्षकांकडे लेखी आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाण्याचा अधिकार आहे. १९३० मार्फत रोखलेली रक्कम परत मिळवण्यासाठीही संहितेच्या कलम ५०३ खाली न्यायालयाचा आदेश मागता येतो.

पूर्वकाळजी

आधारची जैविक माहिती कुलूपबंद ठेवणे, छायाप्रतीऐवजी पहिले आठ अंक झाकलेले आधार देणे आणि आधारच्या मागील सहा महिन्यांतील वापराची नोंद पाहणे या सुविधा विनामूल्य आहेत. आपल्या नावावर किती मोबाइल जोडण्या आहेत, हे दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावर तपासता येते. मोबाइलचे नेटवर्क अचानक आणि दीर्घकाळ गेले, तर सिम बदलले गेल्याची शंका घेऊन प्रथम दूरसंचार कंपनीला आणि लगेच बँकेला कळवावे.

फसवणूक करणाऱ्याचा माग काढणे पोलिसांचे काम आहे आणि त्याला काळ लागतो. बँकेकडील दावा त्यावर अवलंबून नसतो. गुन्हेगार सापडो वा न सापडो, खातेदाराने वेळेत दिलेली लेखी सूचना आणि तिचा क्रमांक हाती असेल, तर उत्तर देण्याची पाळी बँकेची असते.