काउंटाशचे कल्ले

एखाद्या वस्तूचे रूप कुणा एका प्रतिभावंताच्या हातून एकाच बैठकीत संपूर्ण उतरले, असे मानायला आपल्याला आवडते. कलेच्या इतिहासाने लावलेली ही सवय यंत्रांच्या इतिहासात मात्र फार काळ टिकत नाही. लॅम्बोर्गिनीची काउंटाश ही वेगवान मोटार याचे चांगले उदाहरण ठरावे. आमच्या पिढीने ही गाडी पाहिली ती पोस्टरवर. आणि त्या पोस्टरमधले जे डोळ्यांत भरे, त्यातले बरेचसे तिच्या मूळ चित्रात नव्हतेच.

मार्च १९७१ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात तिचा पहिला नमुना मांडला गेला. बेर्तोने या तुरिनच्या कारखान्यातील मार्चेल्लो गांदिनी याने तिचे रूप रेखाटले होते. पिवळी, जमिनीला लगटलेली, पाचरीसारखी. तिचे नाव पिएमोंते प्रांताच्या बोलीतला आश्चर्योद्गार आहे, आपण ‘अबब!’ म्हणतो, त्याच जातीचा. अंगावर कुठे खाच-खळगा नाही. फक्त बाजूच्या खिडक्यांमागे माशाच्या कल्ल्यांसारख्या बारीक फटी. इंजिनाला वारा मिळायचा तो तिथूनच.

यातली अडचण समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. पेट्रोलच्या इंजिनात जळणाऱ्या इंधनापैकी ढोबळमानाने एक तृतीयांश ऊर्जाच चाकांच्या कामी येते; उरलेली उष्णता होऊन निघून जाते, काही धुराच्या नळीतून, काही रेडिएटरमधून. इंजिन पुढे असेल तर गाडीचे नाकच वारा गोळा करते. १९६६ च्या मिउरा या गाडीत लॅम्बोर्गिनीने बारा सिलिंडरांचे इंजिन चालकाच्या पाठीमागे आडवे बसवले. ती भट्टी श्वास घेऊ शकावी म्हणून मागच्या काचेच्या जागी काळ्या पट्ट्यांची झडप आली. जुन्या घरांत चुलीवर धुराडे ठेवत, तसाच हा प्रकार. काउंटाशमध्ये पाओलो स्तान्झानी या अभियंत्याने इंजिन लांबीच्या दिशेने फिरवले, गिअरबॉक्स त्याच्या पुढे, दोन आसनांच्या मध्ये आणला आणि रेडिएटर मागे, इंजिनाच्या दोन्ही अंगांना ठेवले. वजनाच्या दृष्टीने रचना उत्तम होती. वारा मात्र आता गाडीच्या कुशीतून आत घ्यावा लागणार होता.

आणि गुळगुळीत कुशीतून वारा सहजासहजी आत वळत नाही. पत्र्याला लगटून हवेचा एक मंद, आळसावलेला थर वाहत असतो. वेगवान हवा त्याच्यावरून निसटून जाते. बॉब वॉलेस या न्यूझीलंडच्या चाचणीचालकाने गाडी रस्त्यावर पळवायला घेतली, तेव्हा ते कल्ले अपुरे पडू लागले. नमुन्यातले पाच लिटरचे इंजिनही टिकले नाही आणि विक्रीच्या गाडीसाठी ३९२९ घनसेंटिमीटरचे इंजिन पत्करावे लागले. १९७४ पासून जी गाडी बाहेर पडू लागली, तिच्या खांद्यांवर दोन ठसठशीत पेट्या होत्या आणि दारापासून मागच्या चाकापर्यंत एक त्रिकोणी खोलगट खाच होती.

ही खाच गांदिनीचा शोध नव्हे. अमेरिकेच्या ‘नाका’ या विमानविद्येच्या संस्थेने (नासाची ही पूर्वज) १९४५ मध्ये विमानांसाठी तिचा अभ्यास मांडला होता. पुढे अरुंद, मागे रुंदावत जाणारी ही उतरण. तिच्या धारदार कडांवर हवेचे भोवरे उठतात आणि बाहेरची ताजी हवा आत ओढतात, तीही पृष्ठभागावर काहीच उभे न करता. युद्धकाळात विमानासाठी योजलेली ही युक्ती तीसेक वर्षांनी एका मोटारीच्या दारावर अलंकारासारखी दिसू लागली, हे मला फार गमतीचे वाटते.

पण हवा आत घेणे हा अर्धाच भाग झाला. ती बाहेर कुठून जाणार, हा खरा अवघड प्रश्न, आणि तोही विमानवाल्यांनीच आधी नीट विचारला. इंग्लंडमधील फार्नबरो येथे मेरेडिथ या संशोधकाने १९३५ मध्ये दाखवले, की रेडिएटरमध्ये तापून फुगलेली हवा योग्य आकाराच्या वाटेने मागे सोडली, तर तिच्यामुळे होणारा अडथळा बराचसा भरून निघतो. मस्टँग विमानाच्या पोटाखालचा फुगवटा हे त्याचे प्रसिद्ध रूप.

मोटारींच्या बॉनेटबाबत मात्र एक गैरसमज अजून जिवंत आहे. बॉनेटची मागची कड, म्हणजे पुढच्या काचेजवळची, थोडी उचलून ठेवली की गरम हवा निघून जाते, असे हौशी लोक मानतात. उभ्या गाडीत ते खरेही असते. ऊन हवा वर चढते, फटीतून वाफारा जाणवतो आणि विश्वास पक्का होतो. पण गाडी वेगात असताना हवा काचेच्या पायथ्याशी येऊन तुंबते, तिथला दाब वाढतो आणि वारा उलट आत घुसू पाहतो. १९७० च्या शेव्हरले शेव्हेल एसएसमध्ये याच जागी उघडणारी झडप होती, ती इंजिनाला ताजी हवा पाजण्यासाठी! गरम हवेला वाट हवी असेल, तर ती बॉनेटच्या पुढच्या भागात, नाकावरून वळताना हवा वेग घेते आणि दाब उतरतो तिथे द्यावी लागते.

फेरारीनेही हेच दुखणे सोसले. ५१२ बीबीआयमध्ये रेडिएटर पुढे आणि इंजिन मागे, त्यामुळे गरम पाण्याच्या नळ्या प्रवाशांजवळून जात आणि आतली माणसे शिजत. १९८४ च्या टेस्टारोसात रेडिएटर बाजूंना, मागे गेले. त्यांच्या प्रचंड तोंडांवर आडव्या पट्ट्या बसल्या, कारण काही देशांत इतकी मोठी उघडी भगदाडे नियमांत बसत नव्हती. त्या पट्ट्यांची नक्कल मग साध्या गाड्यांवरही चिकटवली गेली, जिच्यामागे ना रेडिएटर ना वाट.

गांदिनीचा पिवळा नमुना १९७४ मध्ये इंग्लंडमध्ये टक्कर-चाचणीत चिरडला गेला. २०२१ मध्ये लॅम्बोर्गिनीने जुन्या छायाचित्रांवरून आणि कागदपत्रांवरून, पंचवीस हजारांहून अधिक तास खर्चून, तो एका संग्राहकासाठी पुन्हा घडवला आणि कोमो सरोवराकाठच्या प्रदर्शनात मांडला. त्याच्या खांद्यांवर पेट्या नाहीत, दारावर खाच नाही. खिडक्यांमागे फक्त ते कल्ले आहेत.