नीलारेडॉक्सिन : नाव आधी, कार्य मागाहून

पेशीत प्राणवायूपासून सुपरऑक्साइड हे विघातक द्रव्य निर्माण होते. त्याचे निवारण करणाऱ्या विकरांचा इतिहास हा बऱ्याच अंशी नामकरणाचा इतिहास होय. १९३८ मध्ये मान व कायलिन ह्यांनी केंब्रिज येथे गुरांच्या रक्तातून एक ताम्रयुक्त प्रथिन वेगळे केले आणि त्यातील धातूवरून त्यास हीमोक्युप्रीन म्हटले. त्याचे कार्य तीस वर्षे अज्ञातच राहिले. १९६९ मध्ये मॅकॉर्ड व फ्रिडोविच ह्यांनी ते दाखवून दिले, तेव्हा नावातून ताम्र गेले आणि 'सुपरऑक्साइड डिस्म्युटेज' ही कार्यवाचक संज्ञा रूढ झाली.

ह्यातून १९७१ मध्ये एक मोहक उपपत्ती निघाली : प्राणवायूवाचून जगणाऱ्या जंतूंपाशी हे विकर नसते, म्हणूनच प्राणवायू त्यांना मारक ठरतो. पुढे अशा काही जंतूंतही ते आढळले. तथापि संरक्षण म्हणजे डिस्म्युटेजच, हे गृहीत सहजी सुटले नाही.

वस्तुतः दुसरे संरक्षक प्रथिन अभ्यासकांच्या हाती आलेले होते. १९९४ मध्ये डिसल्फोव्हिब्रिओ गिगास ह्या जंतूतील एका निळ्या लोहयुक्त प्रथिनास नीलारेडॉक्सिन हे नाव मिळाले. त्यातील पूर्वपद आपला 'नील' शब्दच होय. ग्रीक-लॅटिन पदांच्या ह्या मेळाव्यात असा पाहुणा विरळाच. परंतु हेही नाव रंगाचे, कार्याचे नव्हे. आणि रंगही फसवा. ह्या प्रथिनातील लोहाच्या अणूभोवती चार हिस्टिडिनांचे नायट्रोजन एका पातळीत असतात व एका बाजूने सिस्टीनचे गंधक जोडलेले असते. समोरची बाजू सुपरऑक्साइडसाठी मोकळी राहते. निळेपणा येतो तो लोहाने इलेक्ट्रॉन देऊन टाकल्यावर. ज्या रूपात ते सुपरऑक्साइडला सामोरे जाते, ते जवळजवळ वर्णहीन असते!

१९९६ मध्ये त्याच कुळातील डिसल्फोफेरोडॉक्सिनाने डिस्म्युटेजरहित इ. कोलाय जंतूंना तारल्याचे दिसले. निर्णायक पुरावा मात्र १९९९ मध्ये ॲडम्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी पायरोकॉकस फ्युरिओससमधून दिला. इटलीतील व्हल्कानो बेटाच्या सागरी गाळातून मिळालेला हा जीव सुमारे १०० अंश सेल्सिअसला उत्तम वाढतो. (त्यास जंतू म्हणणे सोयीपुरतेच, १९७७ मधील वूझ व फॉक्स ह्यांच्या संशोधनानंतर आर्किया हा गट निराळा मानला जातो.) त्याचे विकर सुपरऑक्साइडचे केवळ क्षपण करते. डिस्म्युटेजच्या क्रियेत हायड्रोजन पेरॉक्साइडबरोबर प्राणवायूही सुटतो, म्हणजे शत्रूच पुन्हा घरात येतो. ह्या रिडक्टेजच्या क्रियेत पेरॉक्साइड तेवढे उरते. लागणारा इलेक्ट्रॉन रुब्रेडॉक्सिन पुरविते.

विशेष हे की हे विकर २५ अंशांनाही कार्यक्षम असते. त्या तपमानास पायरोकॉकसची वाढ होत नाही. परंतु उष्ण गाळातून तो थंड समुद्रजलात फेकला जातो, तेव्हाच त्याची प्राणवायूशी गाठ पडते.